सुपरचार्जर बसवायचा की इंजिन आतून बांधायचं? पहिल्यांदा ठरवणाऱ्यांसाठी

माझी गाडी दोन लिटरची, चार सिलिंडरची, मागच्या चाकांवर चालणारी. कंपनीतून आली तेव्हा तिला ना टर्बो होता ना सुपरचार्जर. (दोन्ही इंजिनात हवा दाबून भरतात; टर्बो एक्झॉस्टच्या धुरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनच्या बेल्टवर.) मी तिला सुपरचार्जर बसवला, अकरा आठवड्यांनी तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन फुटला, आणि ज्या आतल्या कामाला मी ‘एवढं कशाला’ म्हणून टाळलं होतं ते सगळं मग करावंच लागलं. दोन्ही वाटा मी चालले आहे, फक्त उलट्या क्रमाने. त्यामुळे खर्च दुप्पट झाला आणि गाडी आठ महिने जॅकवर राहिली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

लेख पेट्रोलवर चालणाऱ्या, बूस्ट (अशी दाबून भरलेली हवा) नसलेल्या इंजिनांसाठी आहे. तुमच्या गाडीत कंपनीचाच टर्बो असेल तर तुमची गणितं वेगळी. तुमच्या उपयोगाच्या पायऱ्या फक्त तिसरी आणि नववी.

१. जोर कुठल्या आरपीएमला हवा आहे ते आधी नोंदवा

‘पॉवर वाढवायची आहे’ एवढ्यावर निर्णय होत नाही. एक छोटं सूत्र वहीत लिहून ठेवा: किलोवॅट म्हणजे टॉर्क (न्यूटनमीटरमध्ये) गुणिले आरपीएम, भागिले ९५४९.

समजा तुमचं इंजिन ७००० आरपीएमला २०० न्यूटनमीटर देतं. म्हणजे साधारण १४७ किलोवॅट. हे १७६ वर न्यायचं असेल तर दोन रस्ते आहेत. आरपीएम तेच ठेवून टॉर्क २४० करा, किंवा टॉर्क २०० च ठेवून इंजिन ८४०० पर्यंत फिरवा. आकडा दोन्हीकडे तोच येतो, पण गाडी चालवताना दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. पहिला रस्ता सुपरचार्जरचा. दुसरा रस्ता मोठ्या कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), पोर्ट केलेल्या म्हणजे हवेच्या वाटा रुंद केलेल्या हेडचा, आणि वाढवलेल्या रेडलाइनचा (इंजिनच्या आरपीएमची कमाल मर्यादा).

म्हणून दोन आठवडे ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून गाडी चालवा आणि इंजिन कुठल्या आरपीएमला किती वेळ असतं त्याची नोंद काढा. माझ्या नोंदीत ६००० च्या वर घालवलेला वेळ शंभर मिनिटांत दोन मिनिटंही भरला नाही. मला मात्र वाटत होतं की मी गाडी सतत रेडलाइनला पळवते! रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ८४०० चा कॅम बसवलात तर ३००० ला ती आधीपेक्षा मंद वाटेल. ट्रॅकवर जाणाऱ्याचं उलट आहे. तिथे इंजिन सतत वरच असतं आणि सुपरचार्जरची उष्णता लॅपागणिक साचत जाते.

२. ‘आतलं काम’ म्हणजे दोन वेगळी कामं

नवख्यांची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते, म्हणून इथे जरा थांबते.

गॅरेजमध्ये जाऊन ‘इंजिन आतून बांधायचंय’ म्हटलं की समोरचा लगेच फोर्ज्ड (दाबाखाली घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि फोर्ज्ड रॉडबद्दल बोलायला लागतो. पण फोर्ज्ड पिस्टन, रॉड, चांगले बेअरिंग, हेड स्टड यांतून एकही अश्वशक्ती तयार होत नाही. या वस्तू ताकद पेलतात. ताकद तयार करणाऱ्या वस्तू वेगळ्या: कॅमशाफ्ट, हेडचं पोर्टिंग, मोठे व्हॉल्व्ह, वाढवलेला कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पट दाबतो तो आकडा), मोठा बोअर, लांब स्ट्रोकचा क्रँक. कोटेशन हातात आलं की प्रत्येक ओळीपुढे ‘तयार करतो’ किंवा ‘पेलतो’ असं लिहा. अर्ध्याहून जास्त पैसे पेलणाऱ्या वस्तूंवर जात असतील आणि बूस्ट लावायचा विचार नसेल, तर ते काम तुमच्यासाठी नाही.

दोन्ही वाटा एकाच गाडीत पाहायच्या असतील तर सहाव्या पिढीची शेवरले कॉर्व्हेट बघा. २००८ पासून साध्या मॉडेलमध्ये एलएस३ इंजिन होतं: ६.२ लिटर, कॉम्प्रेशन १०.७, ४३० अश्वशक्ती. झेड०६ मध्ये एलएस७ होतं. त्यात बूस्ट अजिबात नाही, सगळं काम आतलं: ७ लिटर, कॉम्प्रेशन ११, टायटॅनियमचे रॉड आणि इनटेक व्हॉल्व्ह, रेडलाइन ७०००, ताकद ५०५ अश्वशक्ती. मग २००९ च्या झेडआर१ साठी एलएस९ आलं: पुन्हा ६.२ लिटर, वर २.३ लिटरचा ईटनचा सुपरचार्जर, ६३८ अश्वशक्ती.

आकड्यांवर नजर टाकली तर सुपरचार्जर सरळ जिंकला. पण एलएस९ उघडून पाहिलं तर कॉम्प्रेशन ९.१ वर उतरवलेलं, पिस्टन फोर्ज्ड, रॉड टायटॅनियमचे. बाहेर पाण्याचा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), दोन प्लेटचा क्लच, कार्बन सिरॅमिकचे ब्रेक. सुपरचार्जर लावताना कंपनीनेही पेलणाऱ्या वस्तू सोडल्या नाहीत. आपण किट विकत घेतो तेव्हा नेमकं तेच सोडून देतो आणि इंजिनमध्ये मुळात जी शिल्लक ताकद आहे तिच्यावर विसंबतो. ती शिल्लक किती आहे हे समजलं की निर्णय बराच सोपा होतो.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण होंडा एस२००० चं. तिचं दोन लिटरचं एफ२०सी इंजिन बूस्टशिवाय लिटरमागे सुमारे १२० अश्वशक्ती देतं. कॅम, हेड, रेडलाइन, सगळं कंपनीनेच ताणून ठेवलेलं. अशा इंजिनात आतल्या कामाने आणखी मिळवण्यासारखं फार कमी उरतं, आणि जे मिळतं ते फार महाग पडतं. उलट ज्या इंजिनला कंपनीने सौम्य कॅम आणि साधं हेड दिलं आहे तिथे आतल्या कामाला भरपूर वाव असतो.

३. इंजिनची तब्येत तपासा

किटच्या जाहिराती वाचायच्या आधी हे करा. मी नंतर केलं.

कॉम्प्रेशन टेस्ट: इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग काढलेले, इंधन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सगळ्या सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग घासल्या आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे बघा.

लीक-डाउन टेस्ट: ही जास्त महत्त्वाची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. पिस्टन नेमका टोकाला नसेल तर हवेच्या दाबाने क्रँक जोरात फिरतो, त्यामुळे क्रँकच्या बोल्टवर पाना ठेवून हात तिथे ठेवू नका. दहा टक्क्यांच्या आत गळती असेल तर उत्तम. वीसच्या वर असेल तर त्या इंजिनला बूस्ट लावायचा विचार सोडा.

आकड्याइतकंच कान देऊन ऐकणंही महत्त्वाचं आहे. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. ऑइल भरायचं झाकण उघडून कान लावल्यावर आवाज येत असेल तर रिंग किंवा पिस्टन. माझा पिस्टन फुटल्यावर पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या सिलिंडरमध्ये झाकणाशी कान लावला तर शांत, आणि तिसऱ्याला हवा भरल्याबरोबर झाकणाच्या तोंडातून गालावर झुळूक लागली. गेजकडे बघायची गरजच उरली नाही.

सोबत इंजिन गरम असताना ऑइल प्रेशर बघा. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना आडाखा अजून चालतो. क्लच घसरतोय का, कूलंट कमी होतंय का, हेही याच वेळी तपासा. तपासणीत इंजिन नापास झालं तर प्रश्न मिटला: ते उघडायचंच आहे, मग आतलं काम करा. थकलेल्या इंजिनवर नवा सुपरचार्जर लावून ते सुधारत नाही.

४. कॉम्प्रेशन रेशो आणि पेट्रोल

हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १४.७ पीएसआय असतो. गेजवर ७ पीएसआय बूस्ट दिसला की मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) एकूण दाब जवळपास दीडपट झाला. ताकद मात्र दीडपट होत नाही. ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जरच) फिरवायला क्रँकचीच ताकद खर्च होते, आणि दाबलेली हवा तापते. ३० अंशांची हवा दीडपट दाबली आणि ब्लोअरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ती साधारण ८७ अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, आणि ती सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली जाते तेव्हा मिश्रण ठिणगीनंतर भलतीकडे आपोआप पेटायला बसलेलं असतं. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो.

कॉम्प्रेशन जितकं जास्त तितकी नॉकिंगची भीती जास्त. टोयोटाने १९८० च्या दशकात एमआर२ मध्ये ४ए-जीई इंजिनला सुपरचार्जर लावला तेव्हा कॉम्प्रेशन ९.४ वरून ८ वर आणलं. माझा ढोबळ आडाखा असा: १० च्या खाली असाल तर निर्धास्त विचार करा. १० ते ११.५ मध्ये इंटरकूलर आणि कमी बूस्ट, ५ ते ७ पीएसआय. १२ च्या वर इंजिन थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारं असेल तरच विचार करा, कारण पेट्रोलची वाफ होताना सिलिंडरमधली हवा थंड होते. टोयोटा ८६ चं पहिल्या पिढीचं इंजिन १२.५ कॉम्प्रेशनचं असूनही कमी बूस्ट सहन करतं त्यामागे हे एक कारण आहे.

इथे एक सापळा आहे. परदेशी लेखात ‘९१ ऑक्टेनवर ट्यून केलं’ असं वाचाल, म्हणजे इंजिनच्या संगणकातला इंधन आणि ठिणगीचा मॅप त्या पेट्रोलसाठी बसवला. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, बहुतेक देशांतला आकडा आरओएन, म्हणजे त्यांपैकी एकाच पद्धतीचा, असतो, आणि तिथला ९१ म्हणजे आरओएनमध्ये साधारण ९५-९६. तुमच्याकडे आरओएन ९१ मिळत असेल आणि तुम्ही तो मॅप तसाच भरलात तर इंजिन नॉक करणारच. तुमच्या पंपावर बाराही महिने कोणतं पेट्रोल मिळतं ते बघा आणि त्यावरच ट्यून करा.

५. सुपरचार्जर निवडलात तर

प्रकार तीन. रूट्स प्रकाराचं पेटंट १८६० चं, मोटारगाडी जन्माला यायच्या पाव शतक आधीचं. तो खालपासूनच बूस्ट देतो, पण हवा जास्त तापवतो. ट्विन-स्क्रूही खालपासून बूस्ट देतो, आणि हवा आतच दाबत असल्याने त्याची कार्यक्षमता बरी असते. सेंट्रिफ्युगलचा बूस्ट आरपीएमच्या वर्गाप्रमाणे चढतो: ७००० ला ८ पीएसआय देणारा ३५०० ला फक्त २ देतो. म्हणून तो कमकुवत रॉडवर दयाळू असतो, पण खालचा जोर हवा असणाऱ्याची निराशा करतो. पहिल्या पायरीतली तुमची नोंद इथे काढून बघा. माझ्या नोंदीप्रमाणे मला ट्विन-स्क्रू हवा होता. मी सेंट्रिफ्युगल घेतला, कारण तो बॉनेटखाली सहज बसत होता.

बूस्ट ठरतो पुलीवर. क्रँकची पुली १५० मि.मी. आणि ब्लोअरची ७५ असेल तर इंजिन ७००० ला असताना ब्लोअर १४,००० ला फिरतो. ब्लोअरची पुली ७० ची केली की १५,०००. पाच मिलिमीटरने एवढा फरक पडतो, आणि म्हणूनच मोह होतो. पहिलं वर्षभर पुली बदलू नका.

आता इंधन. माझं इंजिन याच जागी गेलं.

इंजेक्टरचा हिशोब स्वतः करा. अश्वशक्ती गुणिले ०.६ (बूस्टवर ताशी दर अश्वशक्तीला लागणारं पेट्रोल, पाउंडात), भागिले सिलिंडरची संख्या, भागिले ०.८ (इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा राहू नये म्हणून). चार सिलिंडरवर २५० अश्वशक्ती हवी असेल तर उत्तर येतं ताशी ४७ पाउंड, म्हणजे मिनिटाला साधारण ४९० सीसी.

माझ्या किटमध्ये इंजेक्टर बरोबर होते. पंप मात्र गाडीचा जुनाच ठेवला होता. छोट्या धावेत काही जाणवत नव्हतं, डायनोवरही (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा छान आला. डायनोवरची धाव दहा-बारा सेकंदांची असते. मग एका उन्हाच्या दिवशी लांब चढावर चौथ्या गिअरमध्ये मी अॅक्सिलरेटर दाबून धरला. वर पोचेपर्यंत इंधनाचा दाब हळूहळू पडत गेला असणार, मिश्रण पातळ होत गेलं (पेट्रोल कमी, हवा जास्त), आणि नॉकिंग सुरू झालं. ब्लोअरच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही. गाडी थांबवली तेव्हा डिपस्टिक नळीतून वर आलेली होती आणि तिथून निळसर धूर निघत होता.

घरी तिसरा प्लग काढला. पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके, आणि त्यांच्यामध्ये उजेडात चमकणारे ॲल्युमिनियमचे कण. हेड खोलल्यावर पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधली कड बोटाच्या पेराएवढी तुटलेली निघाली. प्लगवर असे ठिपके कधीही दिसले तर त्याच क्षणी गाडी बंद करा, नुसता प्लग बदलून पुढे जाऊ नका.

तेव्हा सुपरचार्जर घेताना या गोष्टी किटमध्ये आहेत का ते बघा. नसतील तर त्या स्वतः घ्या, आणि त्याशिवाय गाडी सुरू करू नका:

- इंधनाचा पंप, मोजून निवडलेला. आणि इंधनाच्या दाबाचं गेज, चालवताना दिसेल असं
- वाइडबँड लॅम्डा सेन्सर. पूर्ण अॅक्सिलरेटरवर मिश्रण (एका भाग पेट्रोलला हवा किती भाग) ११.५ ते १२ च्या आसपास हवं
- इंटरकूलर, हवेचा किंवा पाण्याचा
- बूस्ट मोजू शकणारा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा). आणि एअरफ्लो मीटर असेल तर तो वरच्या टोकाला अडकत नाही याची खात्री
- एक पायरी थंड प्लग, कमी गॅपचे
- बायपास व्हॉल्व्ह, आणि क्रँककेसच्या वाफेसाठी कॅच कॅन
- ताण नीट धरणारा टेन्शनर. बेल्ट घसरला की बूस्ट वरच्या आरपीएमला चढायच्या ऐवजी खाली येतो आणि पुलीजवळ काळी भुकटी साचते

जुना ब्लोअर स्वस्तात मिळत असेल तर शाफ्ट हाताने हलवून बघा, सीलजवळ ऑइल आहे का ते पाहा. बेअरिंगचा खुळखुळाट ऐकू येत असेल तर घेऊ नका.

६. आतून बांधायचं ठरवलंत तर

मशीन शॉप आधी निवडा, पार्ट नंतर. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉकला बोअर मारू देऊ नका. पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर मारतात, कॅटलॉगमधल्या आकड्याप्रमाणे मारत नाहीत. होनिंग (सिलिंडरच्या भिंतीचं शेवटचं घासकाम) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी बोल्टने आवळलेली जाड प्लेट, लावून करणारा माणूस मिळाला तर त्यालाच काम द्या, कारण हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा आकार किंचित बदलतो.

फोर्ज्ड पिस्टन मुख्यतः दोन मिश्रधातूंत मिळतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन जास्त, तो कमी फुगतो, त्याला कमी क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) चालतो आणि थंड इंजिनमध्ये तो शांत राहतो. २६१८ जास्त सोसतो पण जास्त फुगतो, म्हणून क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो आणि सकाळी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं टकटक ऐकू येते. पुढे कधीतरी जोरदार बूस्ट लावायचा असेल तर २६१८, नाहीतर रस्त्यावरच्या गाडीला ४०३२ पुरतो.

रिंगचा गॅप स्वतः मोजा. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने. बूस्टच्या इंजिनला हा गॅप जास्त लागतो. गॅप कमी राहिला तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांवर आदळतात आणि पिस्टनची कड तुटते. किती ठेवायचा ते पिस्टनच्या डब्यातल्या तक्त्यात असतं, त्यातली ‘बूस्ट’ची ओळ वाचा. बेअरिंगचा क्लिअरन्स प्लास्टिगेजने (मध्ये दाबून फट मोजायची मऊ प्लास्टिकची दोरी) किंवा, त्याहून चांगलं, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजा. साधारण नियम असा की ५० मि.मी.च्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ०.०५ मि.मी.

मोठा कॅम टाकताय किंवा हेड घासून घेताय? मग पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा किती उरते ते मोजल्याशिवाय इंजिन फिरवू नका. पिस्टनवर मऊ मातीची पट्टी ठेवून हेड बसवा, हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढून माती कापून जाडी मोजा. इनटेकला २ मि.मी. आणि एक्झॉस्टला २.५ मि.मी. असेल तर निश्चिंत. हे काम कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

रेडलाइनबद्दल एक हिशोब. रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ७००० वरून ८००० केलं की आरपीएम १४ टक्के वाढले, पण ताण ३१ टक्के. पिस्टनचा सरासरी वेगही काढा: दोन गुणिले स्ट्रोक मीटरमध्ये, गुणिले आरपीएम, भागिले ६०. ८६ मि.मी. स्ट्रोकला ८००० वर तो सेकंदाला २३ मीटर होतो. एफ२०सी ९००० ला २५ च्या वर जातं, पण ते त्यासाठीच घडवलेलं आहे. तुमच्या इंजिनला तिथे न्यायचं तर व्हॉल्व्ह स्प्रिंग, रॉड, ऑइल पंप यांचा खर्च आधी धरा.

ज्या बोल्टवर ‘टॉर्क आणि मग अंश’ असं लिहिलेलं असतं ते बहुधा एकदाच वापरायचे असतात. नवे घ्या.

७. मग कोणतं?

माझं मत स्पष्ट सांगते.

इंजिन तपासणीत पास, कॉम्प्रेशन ११ च्या आसपास किंवा कमी, गाडी मुख्यतः रस्त्यावर: सुपरचार्जर घ्या, कमी बूस्टवर ठेवा, इंजिन उघडू नका. एवढ्या कष्टात एवढा जोर दुसऱ्या कशानेच मिळत नाही.

इंजिन तपासणीत नापास, किंवा गाडी ट्रॅकवर सलग वीस-वीस मिनिटं पळणार, किंवा तुम्हाला अॅक्सिलरेटरला तत्काळ उत्तर देणारं, वर चढत जाणारं इंजिन आवडतं: आतलं काम. आकडा कमी येईल. पण ते चालवण्यातलं सुख आकड्यात मोजता येत नाही, हे मी दोन्ही अनुभवून सांगते.

दोन्ही हवं असेल तर आधी आतलं, तेही पेलणाऱ्या वस्तूंचं, आणि कॉम्प्रेशन बूस्टच्या हिशोबाने कमी ठेवून. मग ब्लोअर. बूस्टशिवाय जास्त ताकद मिळावी म्हणून कॉम्प्रेशन १२.५ केलेलं इंजिन पुढच्या वर्षी सुपरचार्जरसाठी पुन्हा उघडावं लागतं. लोक नेमके इथे दोनदा पैसे भरतात. पैसे अर्धेच असतील तर थांबा. अर्धं किट आणि अर्धं इंजिन यापेक्षा ब्रेक, टायर आणि एक दिवस चांगल्या शिक्षकासोबत ट्रॅकवर, हे कधीही चांगलं.

८. कागदपत्रं आणि हत्यारं

कागद:

- इंजिनचं वर्कशॉप मॅन्युअल, तुमच्याच इंजिन कोडचं
- कॉम्प्रेशन आणि लीक-डाउनचे आकडे, तारीख आणि किलोमीटरसह
- काम सुरू करण्याआधीचा डायनोचा कागद. नंतरची तुलना त्याच डायनोवर करा, कारण प्रत्येक डायनोचा आकडा वेगळा येतो
- मशीन शॉपने मोजलेल्या प्रत्येक सिलिंडरच्या आणि जर्नलच्या मापांची सही केलेली शीट
- बदल कळवल्यानंतर विमा कंपनीने दिलेलं लेखी उत्तर, आणि नोंदणी व प्रदूषणाच्या नियमांत हा बदल बसतो का याची लेखी खातरजमा. तोंडी ‘चालतं हो’ अपघातानंतर चालत नाही
- गाडी वॉरंटीत असेल तर तिच्या अटी

हत्यारं: टॉर्क रेंच (छोटा आणि मोठा), अंश मोजायचं डायल, फीलर गेज, प्लास्टिगेज, लीक-डाउन टेस्टर, कॉम्प्रेशन गेज, इंजिन स्टँड, रिंग कॉम्प्रेसर, पुली काढायचा पुलर. बोअर गेज आणि मायक्रोमीटर उसने मिळाले तर आणा, पण वापरायच्या आधी झिरो करून घ्या.

९. ट्यून आणि पहिले किलोमीटर

ट्यूनरशी पार्ट घेण्याआधी बोला. त्याला तुमच्या इसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) सॉफ्टवेअर उघडता येतं का, तुमच्या इंजिनवर त्याने आधी काम केलं आहे का, आणि लांब धावेचे लॉग तो घेतो का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरा शोधा. लॉगमध्ये इंधनाचा दाब, मिश्रण, इनटेक हवेचं तापमान, नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग आणि बूस्ट हे पाचही एकत्र हवेत.

नव्या सुपरचार्जरवर पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या अॅक्सिलरेटरवर चालवा, रोज बेल्ट बघा, होजचे क्लॅम्प एकदा गरम-थंड झाल्यावर पुन्हा आवळा. नव्या इंजिनचं वेगळं आहे. त्याला एका जागी आयडलवर तासभर ठेवू नका, त्याने रिंग बसत नाहीत. मध्यम गिअरमध्ये निम्म्या-पाऊण अॅक्सिलरेटरने ओढायचं, मग पाय काढून गिअरमध्येच गाडी सुटू द्यायची, असं वीस-तीस वेळा. साधं मिनरल ऑइल, आणि ते पहिल्या ५० किलोमीटरला बदला, मग ५०० ला.

प्रत्येक वेळी जुना ऑइल फिल्टर फेकू नका. तो कापा, आतला कागद उलगडून उन्हात धरा आणि त्यावरून चुंबक फिरवा. पहिल्या फिल्टरमध्ये बारीक चकाकी असते, ती होनिंगची, ती चालते. दुसऱ्यात ती जवळपास दिसू नये. चुंबकाला न चिकटणारे, नखाने उचलता येतील एवढे तांबूस किंवा रुपेरी पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे आहेत. मग किल्ली लावायची नाही, ऑइल पॅन उतरवायचा.